तालमीची सतरंजी

मित्रांनो, मी एक जुनी सतरंजी आहे, पण माझी कीव करू नका. माझे लाल-निळे पट्टे विटले आहेत, एक कोपरा उंदरांनी कुरतडला आहे. तरी अख्खी नाटकमंडळी अजून माझ्यावर मावते.

सक्करदऱ्यातल्या ताराचंद आणि रुख्माबाई या विणकर नवरा-बायकोने मला हातमागावर विणले. उमेदीच्या काळात लग्न असो की बारसे, माझ्यावाचून बैठक जमत नसे. पुढे प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या. माग बंद पडला, ताराचंदही गेले. मी समाजभवनाच्या अडगळीत धूळ खात पडले. मला फाडून पोछे करा, असे म्हणणारेही निघाले.

मला बाहेर ओढले ते भारतीने. हिंगण्याच्या कारखान्यातली पाळी संपवून ती वस्तीतल्या लोकांचे नाटक स्पर्धेसाठी बसवत होती. नाटक होते बंद पडलेल्या मागाचे, आणि त्यातली म्हातारी विणकरीण रुख्माबाईच करत होत्या. ज्यांनी मला विणले, त्यांचे पाय रोज संध्याकाळी माझ्यावर फिरू लागले. पण एका मोठ्या आजारपणापासून त्यांची जीभ अडखळे. वाक्य अर्ध्यावरच थांबे.

एकदा भवनाचे सचिव रवींद्र तालीम बघायला आले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "भारती, आजीले बदलव. स्पर्धेत समाजाचं हसं होईन."

"आजी नाही तर नाटक नाही, भाऊ."

"मंग हॉलही नाही."

भारतीने किल्ली त्यांच्या हातात ठेवली. नाटकात काम करणाऱ्या चेतनने मला गुंडाळून खांद्यावर घेतले. रुख्माबाई पुटपुटल्या, "माह्यासाठी काहून भांडून राहिली वं?"

"तुमच्या एकटीसाठी नाही, आजी. नाटक सगळ्यायचं हाय."

मग तलावाजवळच्या मोकळ्या जागेत तालीम सुरू झाली. मला खडे टोचले, काटे रुतले. सगळ्यांनी सगळ्यांची वाक्ये पाठ केली. जो अडेल, त्याचे वाक्य शेजारच्याने उचलायचे. तेव्हा कळले, चेतनही अडतो, भारतीही अडते. रुख्माबाईच त्यांना सावरून घेऊ लागल्या.

स्पर्धेत मी रंगमंचावर होते. नाटक ऐन रंगात आले आणि रुख्माबाई थांबल्या. चेतनने वाक्य उचलायला तोंड उघडले, तसा त्यांनी हात वर केला.

"थांब गा. हे माह्यं वाक्य हाय. सापडू दे मले."

त्यांच्या पायांची बोटे मला घट्ट धरून होती. मग त्या सावकाश म्हणाल्या, "माग बंद पडला. हात नाही पडले."

बक्षीस दुसऱ्यांना गेले. रुख्माबाईंनी एवढेच विचारले, "उद्या तालीम किती वाजता?"

मित्रांनो, मला झटका, ऊन दाखवा, फाटले तर टाके घाला. मी पुष्कळ टिकेन. पण बोलताना अडखळणाऱ्या माणसाला उठवायला कोणी येऊ नका. तो माझ्यावर बसला आहे, आणि मी जागची हलणार नाही.