विस्तवाची परीक्षा

२००६च्या मे महिन्यात कल्याणच्या हॉटेलातली नोकरी सोडून मी टोकावड्याला घरी आले, ती वाइनची एक बाटली घेऊनच. पातेल्यात वाइन ओतली, आंब्याच्या फोडी, करवंदं, लिंबाच्या चकत्या आणि साखर घातली, आणि पातेलं ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलं.

शकूआत्या सारखी झाकण उचलून वास घेत होती.

"कशाचं हाय गो? आंबट का गोड?"

"सांग्रिया म्हणतात. दारू आहे ती. झाकण ठेव आधी!" मी वैतागले.

"दारू? बघू तर."

तरुणपणी मोहाची गाळलेली बाई ती. चांगली दारू विस्तवावर टाकली की भडकते, हे तिला पक्कं ठाऊक. तिने पळीभर सांग्रिया जमिनीत लिंपलेल्या चुलीत ओतली. निखारे चरचरले आणि विझले.

"सरबत हाय हे," म्हणत तिने चार पेले रिचवले. मी बडबडून थकले.

"मला नको शिकवू. विस्तव खोटं बोलत नाय."

थोड्या वेळाने ती भिंत धरून उठली आणि माझ्यावरच डाफरली, "रुचिता, चूल कोणी सरकवली गो?"