तारीख तुमची, तिथीही तुमचीच

अर्पितचं नाव तुम्ही पुसलंत, अध्यक्ष. खिशातल्या रुमालानं, सगळ्यांच्या देखत. आणि मग त्याच रुमालानं कपाळावरचा घाम टिपलात.

आपल्या देवासच्या मंडळाच्या दाराशी दिनविशेषाचा फळा आहे. रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी मी तो लिहितो. कोण जन्मलं, कोण गेलं, कुठली लढाई, कुठला सण. यंदा पाच सप्टेंबरला फळ्यावर जागा उरली नव्हती. शिक्षक दिन. राधाकृष्णन यांची जयंती. मदर तेरेसा यांचं निधन. ईद-ए-मिलाद. मग तुमचा, अध्यक्षांचा वाढदिवस, जो तुम्ही दर साली सगळ्यांत मोठ्या अक्षरांत लिहायला लावता. त्याखाली मी एक ओळ घातली: 'अर्पित यांचे निधन, २०१७, मंडळाच्या मांडवात, विजेच्या धक्क्याने.'

हात माझा होता, मागणी त्याच्या आईची. यमुनामावशी आता धारला लेकीकडे, अल्पनाकडे राहते. ती पोलिसांत गेली नाही, तुमच्या दारी येऊन रडली नाही. वर्षातून एक दिवस पोराचं नाव फळ्यावर दिसावं, येणाऱ्या-जाणाऱ्यानं वाचावं, एवढंच तिचं म्हणणं. कारण पोरगा मंडळाच्या कामात गेला.

कसा गेला तेही सांगतो. नवीन पोरांना तुम्ही 'ॲक्सिडेंट झाला' म्हणून सांगता. त्या साली अनंत चतुर्दशी आणि तुमचा वाढदिवस एकाच दिवशी आले होते. पाऊस पडून गेलेला, बांबू ओले. दिव्यांची कमान खाली लोंबत होती, मूर्ती बाहेर निघेना. अर्पित वर चढला आणि तुमच्याकडे बघून ओरडला, "भिया, मेन बंद करो!" तुम्ही सुरी हातात घेऊन केकपाशी उभे. म्हणालात, "तशीच काढ रे, अंधारात फोटो काळे येतील." त्यानं तशीच काढली.

गेल्या साली मावशी चतुर्दशीला आली. तिला तिथीच ठाऊक. आपल्याकडे गेलेल्या माणसाची तारीख कोण लक्षात ठेवतं? तुम्ही गोड बोलून तिला परत पाठवलंत. "मावशी, फळा तारखेनं चालतो. पाच सप्टेंबरला या, जरूर लिहू." वर्षभर तिनं ते 'पाच सप्टेंबर' जपलं. यंदा आदल्या दिवशीच धारहून बसनं इंदूर, तिथून देवास. गुडघे धरत उतरली.

पाचला सकाळी ओळ दिसली आणि तुमचा सचिव राजवीर फळ्यापुढं उभा राहिला. मराठी तो बोट ठेवून वाचतो. "काका, ये नि-ध-न क्या लिख दिया? भिया का बड्डे है आज, कुछ तो सोचो!"

मग तुम्ही आलात, गळ्यात हार. "अहो, घरात गणपती बसलाय, आजचा दिवस माझा, अशुभ कशाला? आणि मावशी, आपल्यात श्राद्ध तिथीनंच असतं ना? चतुर्दशी उद्या आहे. उद्या लिहू."

"दादासाहेब, तारखेला या असं तुम्हीच म्हणाला होता."

"उद्या म्हटलं ना!" आणि रुमाल काढलात.

ती आमच्याकडे राहिली. तुमच्या केकचा डबा घरोघर गेला तसा आमच्याकडेही आला. माझ्या बायकोनं तो गाईला घातला. मावशीपुढं ठेवला नाही, तेवढी अक्कल आमच्या घरात आहे.

सहाला, चतुर्दशीला, मी ओळ परत लिहिली. ढोलवाले आले होते, मूर्ती ट्रॉलीवर चढली होती. तुम्ही फळा वाचलात आणि हसलात. "सहा सप्टेंबरला कोण गेलं? अर्पित पाचला गेला. फळा तारखेचा आहे, चुकीची माहिती लिहायची नाही. लोक काय म्हणतील?"

मी म्हटलं, "शिवजयंती तारखेनं करता, तिथीनंही करता. दोनदा फेटे बांधता. तेव्हा नाही चुकत?"

"महाराजांची बरोबरी या पोराशी? आठवी नापास तू, मला इतिहास शिकवतोस?"

"आठवी पास आहे. नववीत सोडली."

पोरं हसली. तुम्ही नाही हसलात. फडकं मागवलंत आणि ओळ गेली.

तेव्हा यमुनामावशी पुढं आली. मंडळात बायकांच्या रांगेतून ती कधी पुढं आलेली मी पाहिली नव्हती. ट्रॉलीसमोर उभी राहिली, पदर नीट केला, आणि आवाज न चढवता विचारलं, "दादासाहेब, काल नाही, आज नाही. मग माझा पोरगा मेला कधी?"

ढोल थांबले. तुम्ही घड्याळ पाहिलंत. "चला, आरती घ्या."

राजवीर तिच्या कोपराला धरून म्हणाला, "मावशी, साइड में हो जाओ ना, मुहूर्त निकल जाएगा."

"होते बाजूला. त्यांना बोलू दे, मग होते."

ती हलली नाही. धक्का मारायची हिंमत कुणाची झाली नाही, एवढं तरी देवाचं काही शिल्लक आहे. मग काय केलंत? ट्रॉली मागं घेतलीत. मागच्या गल्लीतून, नालीवर फळी टाकून, गणपतीला चोरासारखं बाहेर काढलंत. म्हातारीला उत्तर द्यावं लागू नये म्हणून.

आता ऐकतो, माझ्याकडून फळा काढून घ्यायला मीटिंग बोलावली आहे. घ्या. खडूही घ्या. मीटिंगला मी येणार आहे आणि मावशीही येणार आहे. अल्पनाचा दोनदा फोन आला, तरी मावशी धारच्या बसमध्ये बसत नाही. मेन कुणी चालू ठेवायला लावलं हे तिथं मी विचारणार नाही, ते उभ्या चौकानं ऐकलंय. तिनं विचारलं तेवढंच विचारणार.

तारीख सांगा, नाहीतर तिथी सांगा. पण सगळ्यांसमोर, तिच्याकडे बघून सांगा, अध्यक्ष: अर्पित मेला कधी?