वृक्षात बायका नकोत

सोमवारी सकाळी रादोये ओराशेविचने सातव्यांदा तेच सांगितलं, तेव्हा दारिंकाच्या डोक्यात तिडीक गेली.

"वृक्षात बायका नकोत, दारिंका. पोरीबाळींची पानं चिकटवत बसलीस तर खोड दिसायचं नाही."

रादोये हा ओराशेविच कुळाचा पुढारी. वय एक्क्याऐंशी, मिशा अजून काळ्याकुळकुळीत. त्या कशा, ते सगळ्या व्रेलो गावाला ठाऊक. शनिवारी अख्खं कूळ गावात जमायचं होतं आणि शाळेच्या भिंतीवर कापडावर छापलेला सहा मीटर उंचीचा वंशवृक्ष टांगायचा होता. त्यासाठी त्याने निकशिच शहरातून वंशावळी जुळवणाऱ्या दारिंकाला बोलावलं होतं. तीस वर्षं ती लोकांचे पूर्वज उकरून काढत होती, त्यामुळे असली उत्तरं तिला नवी नव्हती. इथे चार मुलींचा बापही "मूलबाळ नाही" म्हणून मोकळा होतो.

पण या वेळी मिलोसावाचा प्रश्न होता. गावाच्या वरच्या टोकाला राहणारी अठ्ठ्याऐंशी वर्षांची म्हातारी. दोन्ही भाऊ निपुत्रिक गेले. त्यांची दुखणीबाणी काढता काढता हिचं लग्न राहून गेलं. आणि रादोयेने आपल्या हाताने काढलेल्या कच्च्या आराखड्यात तिच्या बापाच्या नावापुढे लिहिलं होतं, 'घर विझलं'.

"अहो काका, त्या घरात रोज चूल पेटते! काल मी तिथे कॉफी प्यायले!"

"पेटेना का. त्या घरातले ओराशेविच संपले."

"मग मला कॉफी दिली कोणी, भुताने?"

"तू फार बोलतेस," रादोये म्हणाला. पालथ्या घड्यावर पाणी.

दारिंका म्हातारीला शब्द देऊन बसली होती, हे खरं दुखणं. मिलोसावा तिचा हात धरून म्हणाली होती, "पोरी, मी काही मोठं मागत नाही गं. बापाच्या नावाखाली एक ओळ. मेल्यावर खुशाल विझलं म्हणा. जिवंतपणी नको."

मंगळवारी पाद्रीबुवा जन्मनोंदींच्या कपाटाची चावी खिशात घालून शेजारच्या गावी बारशाला गेले. बुधवारी चावी मिळाली, तर वह्या उंदरांनी आधीच चाळलेल्या. गुरुवारी त्सेतिन्येला वंशावळ अभ्यासकांची परिषद होती. बस दीड तास उशिरा आली, आणि दारिंकाच्या भाषणाच्या वीस मिनिटांची सहाच उरली, कारण आधीचे तिन्ही वक्ते आपापल्या सरदार पूर्वजांना घोड्यावरून उतरवायलाच तयार नव्हते. ज्याचा त्याचा पणजोबा सरदार! मग बकऱ्या कोण राखत होतं, देव जाणे.

चहापाण्याच्या सुट्टीत कोतोरच्या अभिलेखागारातला तिचा जुना स्नेही त्रिपो तिला शोधत आला. "तुझ्या व्रेलोचं काहीतरी सापडलंय," म्हणत त्याने एका जुन्या करारनाम्याची छायाप्रत पुढे केली. साल १८११. मातो ओराशेविचला मुलगा नाही. सबब समुद्रकाठचा गुराखी लूका हा त्याची मुलगी स्ताना हिच्याशी लग्न करून तिच्याच घरी राहील आणि त्यांची मुलं ओराशेविच म्हणवतील. स्ताना म्हणजे 'थांब'. मुलींची रांग थांबावी म्हणून ठेवायचं ते नाव.

दारिंकाने कागद दोनदा वाचला. रादोयेच्या आराखड्यात लूका हा मातोचा सख्खा मुलगा होता. सगळ्यात जाड फांदी त्याचीच, आणि त्या फांदीवर खुद्द रादोये बसला होता.

"घरजावई!" ती इतक्या जोरात म्हणाली की दोन सरदारवंशज वळून बघायला लागले.

शुक्रवारी तिने कागद रादोयेच्या टेबलावर ठेवला. त्याने तो बराच वेळ वाचला.

"अजून कोणी पाहिलाय?"

"त्रिपोने आणि मी."

"इथे घरजावई ही शिवी आहे, बाई. शंभर माणसं आहेत त्या फांदीवर."

आठवडाभर दारिंकाचा जीव मेटाकुटीला आला होता. ती म्हणाली, "मिलोसावाची ओळ घाला. कागद माझ्या पिशवीत राहील."

रादोयेने होकारार्थी मान हलवली. तिला इतका आनंद झाला की निकशिचच्या छापखान्यापर्यंत ती बसमध्ये गुणगुणत गेली.

शनिवारी वृक्ष भिंतीवर चढला. पटांगणात कोकराचं मटण, दारूचे पेले, आरडाओरडा. मिलोसावा काळा रुमाल बांधून आली आणि कापडाला नाक लावून शोधत राहिली. बापाच्या नावाखाली स्वतःचं नाव सापडलं तेव्हा ती लहान पोरीसारखी रडली.

मग डोळे पुसून म्हणाली, "म्हातारा वळला कसा गं?"

दारिंकाने सगळं सांगितलं. जरा तोऱ्यातच सांगितलं.

"आणि ती स्ताना कुठाय?"

"ती नाही. तोच तर सौदा झाला."

"वा गं शहाणे! मला वर काढायला तिला गाडलीस?"

"मावशी, तुम्हीच म्हणालात ना..."

"मी माझी ओळ मागितली, तिची पुसून नव्हती मागितली. माझ्यामागे कुत्रं नाही. आणि तिच्या पोटची ही अर्धी जत्रा तिकडे मटण चापतेय, अन् आईचं नाव नाही एकाला ठाऊक!"

दारिंका संतापली, पण कोणावर ते तिला चटकन कळेना. मग कळलं. ज्या माणसावर ती आठवडाभर दातओठ खात होती, त्याने केलं असतं तेच तिने केलं होतं, वर गाणं म्हणत.

"काढ तो कागद," मिलोसावा म्हणाली. "वाच."

"इथे? मला ही माणसं परत या डोंगरात पाऊल टाकू देणार नाहीत, मावशी. आणि तुमचीही ओळ पुसून टाकतील."

"पुसू देत. मी पाहिली ना एकदा."

दारिंकाने पिशवी उघडली. पलीकडच्या टेबलावरून रादोये पेला ठेवून उठला. तिने कागद काढला आणि पहिलं वाक्य पुटपुटल्यासारखं वाचलं. मिलोसावाने तिच्या दंडाला कडकडून चिमटा काढला.

"मोठ्याने! मागच्यांना ऐकू जात नाही."