शेळीचा वास येणारी स्टेशन वॅगन

मित्रांनो, मी एक जुनी स्टेशन वॅगन आहे. लांबलचक, तपकिरी, दोन्ही अंगांना लाकडासारखा दिसणारा खोटा कागद चिकटवलेली. तो कागद आता सोलून निघालाय. मागच्या दाराला पोचा आहे, उजवी काच अर्धीच खाली जाते आणि माझ्या आत शेळीचा वास येतो. हे आधीच सांगून टाकते. ज्यांना नाक मुरडायचं असेल त्यांनी आत्ताच मुरडा आणि पान उलटा. राहतील त्यांनाच मी माझी गोष्ट सांगणार आहे.

माझा जन्म अठ्ठ्याहत्तर साली डेट्रॉईटकडच्या एका कारखान्यात झाला. आठवतं ते एवढंच, की ठिणग्या उडत होत्या, ओल्या रंगाचा वास होता आणि एका जाड्या माणसानं माझं मागचं दार तीनदा आपटून बघितलं. मग त्यानं मान हलवली. झाली माझी परीक्षा. माणसांच्या पोरांची परीक्षा मात्र कधी संपतच नाही, हे मला पुढे कळलं.

एक्क्याऐंशीत मला श्रीरंग केळकरांनी घेतलं. न्यू जर्सीत पिस्कॅटवेला राहणारे, एका रंगाच्या कंपनीत केमिस्ट. घरात बायको सुलेखा आणि तेरा वर्षांची मुलगी उत्तरा. तिघांना एवढी लांब गाडी कशाला, असं तुम्ही विचाराल. अहो, मराठी मंडळ होतं ना! सतरंज्या, तबले, तीस माणसांच्या आमटीचं पातेलं, सगळं माझ्यात. गणपतीची मूर्ती वेस्ट विंडसरहून मीच आणायची, सीटबेल्ट लावून. तेव्हा माझं काय कौतुक! बायका म्हणायच्या, गाडी असावी तर अशी. सुलेखाताईंच्या नाट्यगीतांच्या कॅसेटी ऐकत आणि मागच्या सीटवरची भांडणं ऐकत मी मराठी शिकले. मला कोणी शिकवलं नाही. कान उघडे ठेवले, बास.

चौऱ्याऐंशीत घरात नवी जपानी गाडी आली आणि माझं कौतुक त्याच दिवशी संपलं. त्या हिवाळ्यात माझ्यावरचा बर्फसुद्धा कोणी झटकला नाही. पाहुणे आले की मला रस्त्यावर लावायचे, कारण दारात बरी दिसत नव्हते. तीस माणसांची आमटी वाहिली ती कोणी, हे विचारायला एकही माणूस आला नाही. मी खोटं बोलणार नाही. तो राग माझ्या मनात अजून आहे.

मग उत्तराला सतरावं पूर्ण झालं, लायसन्स मिळालं, आणि मी तिच्या वाट्याला आले.

मित्रांनो, कामाची पोरगी कशी असते ते मी तेव्हा पाहिलं. सकाळी शाळा. लाल सिग्नलला उभी राहिली की डॅशबोर्डवर टेकवलेल्या कार्डांवरून केमिस्ट्री पाठ करायची. मागची गाडी हॉर्न मारी, तिकडे हिचं लक्ष नसे. मंगळवार-गुरुवारी वेस्ट विंडसरला कांचनमावशींच्या बेसमेंटमध्ये भरतनाट्यम. जाताना तोंडानं बोल म्हणायची आणि डाव्या पायानं माझ्या तळाला ठेका द्यायची. माझा तळ तिथे पातळ झालाय. झाला तर झाला. शनिवारी पहाटे कुत्र्यामांजरांच्या खाण्याची पोती माझ्यात भरायची आणि घराबाहेर पडू न शकणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या दारात नेऊन ठेवायची. हे गावातल्या मंडळींनी चालवलेलं फुकटचं काम. त्यानंतर डॉक्टर हॅन्ली. ही बाई गाई, घोडे, शेळ्या बघणारी डॉक्टर. उत्तरा तिच्या बादल्या उचलायची, दोर धरायची, शेण काढायची. तिला तेच व्हायचं होतं. जनावरांची डॉक्टर.

तर माझ्या मागच्या सीटवर रेशमी पोशाख, रबरी बूट आणि बायोलॉजीचं पुस्तक एकमेकांच्या अंगावर पडलेलं असे. एकदा घुंगरांच्या पट्ट्यात कुत्र्याचे केस सापडले. कांचनमावशी माझ्यापर्यंत तणतणत आल्या, आत डोकावल्या आणि म्हणाल्या, "अगं, नटराजाला गळ्यात साप चालतो. घुंगरात केस नाही चालत." पण हसल्यासुद्धा. मावशी कडक होत्या, कोत्या नव्हत्या.

कोता माणूस वेगळाच होता. पुरुषोत्तमकाका. हृदयाचे डॉक्टर, मंडळात मोठा मान. एका रविवारी केळकरांकडे जेवून निघताना माझ्या बॉनेटला टेकून ते श्रीरंगरावांना म्हणाले, "यार, पोरगी एवढी ब्राइट आहे आणि तू तिला गाईच्या मागे हात घालायला पाठवतोस? माणसांची डॉक्टर कर. गाय थँक्यू पण म्हणत नाही."

सगळे हसले. श्रीरंगरावही हसले. उत्तरा दारात उभी होती.

दुसऱ्या दिवशी श्रीरंगराव स्वतःहून माझ्यात येऊन बसले, तिच्या शेजारी. म्हणाले, "स्कूल, डान्स, ती पोती आणि तुझी जनावरं. चार गोष्टी कोणालाच जमत नाहीत."

"आय कॅन मॅनेज, बाबा."

"ठीक आहे. मग ज्या दिवशी एक चुकेल, त्या दिवशी जनावरं बंद."

"जनावरंच का? डान्स का नाही?"

श्रीरंगराव अर्ध्या काचेतून बाहेर बघत बसले. मला उत्तर माहीत होतं. डान्स चारचौघांत दाखवता येतो, शेण दाखवता येत नाही. हॉर्नशिवाय मला काही वाजवता येत नाही, नाहीतर सांगितलं असतं.

"मंजूर," उत्तरा म्हणाली आणि तिनं मला चालू केलं.

सहा महिने तिनं एक गोष्ट चुकू दिली नाही. आणि मग शहाऐंशीच्या एप्रिलातला तो शनिवार आला.

मंडळाचा पाडव्याचा कार्यक्रम. पाडवा येऊन दोन दिवस झाले होते, पण अमेरिकेत सण शनिवारीच येतात. एका शाळेचा हॉल भाड्यानं घेतला होता. पत्रकात लिहिलं होतं, कार्यक्रम ठीक तीन वाजता सुरू होईल. आता मंडळातलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल, ठीक तीन म्हणजे पाच. दर वर्षी पत्रकात 'ठीक' असतं आणि दर वर्षी पाचला पेटी उघडते. उत्तरा याच हिशेबात वाढलेली. तिचा नाच पाचवा. म्हणजे सहाच्या आधी कशाला?

तिनं सकाळीच नाचासाठी बोटांना लाल आलता लावून घेतला, वाळायला वेळ लागतो म्हणून. पोती पोचवली. आणि एक वाजता डॉक्टर हॅन्लीबरोबर मला एका म्हातारीच्या वाडीवर घेऊन गेली. म्हातारी एकटी, चार शेळ्या पाळणारी. एक शेळी सकाळपासून विताना अडली होती.

गोठ्याचं दार उघडं होतं आणि मी समोरच उभी होते, त्यामुळे मला सगळं दिसलं. डॉक्टर हॅन्ली धिप्पाड बाई, तिचा हात आत जाईना. तिनं उत्तराकडे पाहिलं. उत्तरानं कोपरापर्यंत हात घासले. आलता काही गेला नाही. तिची लाल बोटं पाहून म्हातारी घाबरली, तिला वाटलं रक्तच. मग ती पोरगी पेंढ्यावर आडवी झाली, डोळे मिटले आणि हळूच हात आत घातला.

"काय लागतंय?" डॉक्टरनं विचारलं.

"पाय. दोन पाय. नाही, तीन. दोन करडं आहेत, एकमेकांत अडकलीत."

"कोणता पाय कोणाचा, सांगता येईल?"

मित्रांनो, नऊ वर्षं ती पोरगी मावशींच्या बेसमेंटमध्ये एकेक बोट वेगळं हलवायला शिकली होती. एक वाकवायचं, बाकीची ताठ. मावशी छडी घेऊन उभ्या असत. ती विद्या त्या दिवशी शेळीच्या पोटातल्या अंधारात कामाला आली. तिनं एकेक पाय चाचपला, एक मागे ढकलला, दुसरा पुढे घेतला. करडू बाहेर आलं. मग दुसरं. आणि मग, कोणाच्या ध्यानीमनी नसताना, तिसरं. मुठीएवढं. डॉक्टर हॅन्ली तिच्याकडे बघून म्हणाली, "असे हात मला कॉलेजातल्या पोरांत बघायला मिळत नाहीत." माझी छाती फुगली. मला छाती नाही, रेडिएटर आहे. तो फुगला म्हणा.

तिसऱ्या करडाला शेळी जवळ घेईना. शिंगानं लोटायची. डॉक्टरला दुसरीकडे आजारी घोडा बघायला जायचं होतं. म्हातारीच्या हातांत बाटली धरण्याएवढा जोर नव्हता. डॉक्टर सरळ म्हणाली की ऊब आणि दर दोन तासांनी थोडं दूध मिळालं तर जगेल, नाहीतर नाही, आणि असं होतं कधीकधी.

उत्तरानं घड्याळ पाहिलं. सव्वातीन. करडू एका टॉवेलात गुंडाळलं, पुढच्या सीटवर दुधाच्या बाटलीशेजारी ठेवलं आणि माझा हीटर पूर्ण सोडला. घाई नव्हती तिला. पाचला पावणेदोन तास होते.

हॉलसमोर पोचलो तेव्हा चार वाजून दहा मिनिटं झाली होती आणि आतून टाळ्या ऐकू येत होत्या. उत्तराचा चेहरा पांढरा पडला. त्या वर्षी अतुलकाका नवे सेक्रेटरी झाले होते. शाळेनं त्यांना बजावलं होतं, सहाला हॉल रिकामा. त्यांनी खरोखरच ठीक तीनला नारळ फोडला होता, वीस माणसांसमोर. अर्धं मंडळ अजून घरी साड्या नेसत होतं. उत्तराचा नंबर पुकारून झाला होता.

श्रीरंगराव बाहेर उभे होते. नवा रेशमी झब्बा, हाताची घडी.

"किती वाजले?"

"आय नो, बाबा."

"तुला मी काय म्हटलं होतं?"

"आठवतंय." तिनं मान खाली घातली नाही. टॉवेल बाजूला केला आणि ते मुठीएवढं करडू दाखवलं. "याला गार लागलं तर हे मरेल. बाबा, याला धरा. झब्ब्याच्या आत. नंतर रागवा."

तेवढ्यात कांचनमावशी दारात आल्या. त्यांनी ओरडा केला नाही. म्हणाल्या की शेवटचा नंबर तुझा, अतुलशी मी भांडलेय, आत चल, पोशाख चढव. आणि पोरीला ओढत घेऊन गेल्या. केसांत पेंढा तसाच.

श्रीरंगराव टॉवेल हातात धरून उभे राहिले. मग माझ्यात येऊन बसले आणि दार लावून घेतलं.

तो माणूस आधी करडाकडे नुसता बघत होता. मग करडाची मान एका बाजूला पडली. मित्रांनो, मी त्यांना पाच वर्षं ओळखत होते. असे घाबरलेले कधी पाहिले नव्हते. झब्ब्याची बटणं तोडलीच त्यांनी. करडू पोटाशी धरलं आणि चोळायला लागले, "अरे, ऊठ, ऊठ की रे," म्हणत. बाटली सापडली. पहिल्यांदा दूध नाकात गेलं. दुसऱ्यांदा झब्ब्यावर. तिसऱ्यांदा करडानं ओढलं. आत घुंगरं वाजायला लागली, ती मला इथपर्यंत ऐकू येत होती. त्यांना नाही आली. ते दूध किती उरलंय ते बघत होते.

साडेपाचला पुरुषोत्तमकाका आपल्या चकचकीत गाडीतून उतरले. ठीक तीनचे साडेपाच. माझ्या काचेशी वाकून म्हणाले, "काय श्रीरंग, जनावरांचा दवाखाना काढलास काय?"

"काच पुरती खाली होत नाही हिची," श्रीरंगराव म्हणाले. "बाजूला व्हा जरा, उजेड येऊ द्या."

काका निघून गेले. मी जन्मात एवढी खूश झाले नव्हते.

थोड्या वेळानं उत्तरा आली. काजळ ओघळलेलं, पायात घुंगरं, घामानं डबडबलेली. दार उघडून उभी राहिली. वडिलांच्या झब्ब्यावर दुधाचे आणि आणखी कशाकशाचे डाग. त्यांच्या पोटाशी करडू झोपलेलं.

"बघितलंत का?"

"नाही," ते म्हणाले. "चुकलं."

तिनं वाकून करडाच्या कानाला बोट लावलं आणि विचारलं, "मग आता? जनावरं बंद?"

श्रीरंगरावांनी मनगटावरचं घड्याळ तिच्याकडे वळवलं.

"याचं पुढचं दूध किती वाजता?"

तर मित्रांनो, ही माझी गोष्ट. करडू जगलं, आणि त्या उन्हाळ्यात माझ्याच मागच्या सीटवर वाढलं. उत्तरा आता कॉलेजात आहे. डॉक्टर झाली का विचाराल, तर नाही, अजून वर्षं आहेत आणि ती सगळी ती पुरी करील, हे मी तुम्हाला लिहून देते. मी डॉक्टर हॅन्लीच्या आवारात उभी असते, माझ्यात गवताचे गठ्ठे ठेवतात. धुवायला कोणी येत नाही. येऊही नका. काम करणाऱ्याला वास येतो. माझ्या अंगाला शेळीचा येतो, त्या पोरीच्या हाताला येतो, आणि एका दिवसापुरता एका केमिस्टच्या रेशमी झब्ब्यालाही आला होता. तुमच्या घरात असा वास घेऊन कोणी आलं, तर आधी त्याच्या हातात काय आहे ते बघा. आणि जमलं तर दोन मिनिटं धरा.