डाव्या हाताची पट्टी

तिसऱ्यांदा सुई बाहेर काढून नर्सबाईंनी रंगाऱ्याच्या उजव्या कोपरात कापसाचा बोळा दाबला आणि हात दुमडायला लावला. नळीत रक्ताचा थेंबही आला नव्हता. शिरा शोधण्यात बाईंचा हातखंडा होता, पण आज हात टेकायची पाळी आली होती.

सुया बदलून देणाऱ्या या केंद्रात रंगारी अकरा वर्षं येत होता. दारं-खिडक्या रंगवायचा, नशा टोचून घ्यायचा, वापरलेल्या सुया डब्यात टाकून नव्या न्यायचा. त्याच्या हातांवरच्या शिरा एकेक करून बुजल्या होत्या. बोटाखाली सुतळीसारख्या कडक लागत. यकृताच्या उपचारांसाठी त्याचं नाव एकदाचं यादीत लागलं होतं. बारा वाजता प्रयोगशाळेची गाडी यायची. तिच्यातून आज रक्त गेलं नाही तर ती जागा दुसऱ्याला मिळणार होती.

"पुन्हा गरम पाण्यात हात धरून बघू," बाई म्हणाल्या.

"दोनदा धरला, ताई. एवढी आंघोळ मी स्वतःलाही घालत नाही."

बाई हसल्या नाहीत. त्यांची नजर त्याच्या डाव्या मनगटावरच्या रुंद पट्टीवर गेली. नखांत रंग, शर्टावर रंग, पट्टी मात्र कायम पांढरीशुभ्र. आत गळू असणार असं त्या धरून चालल्या होत्या. दाखव म्हटलं की हा हात मागे घ्यायचा.

"निदान ती जखम तरी बघू दे आज."

रंगाऱ्याने घड्याळाकडे पाहिलं. पावणेबारा झाले होते.

"ताई, हे खरंच गरजेचं आहे ना? या रक्तावर उपचार सुरू होणार?"

"मग सकाळपासून काय हौस म्हणून टोचतेय तुला?"

त्याने पट्टीची गाठ दातांनी सोडवली आणि सावकाश वेढे उलगडले. खाली जखम नव्हती. बाईंनी दंडाला पट्टा आवळला आणि निळसर शीर अलगद वर आली, शाळकरी पोराच्या हातावर असावी तशी. तिच्यावर एकही डाग नव्हता. बाई थक्क होऊन पाहत राहिल्या.

"झाकून का ठेवलीस?"

"तलफ आली की मी कुणाचा नसतो, ताई. नजरेला पडली असती तर केव्हाच संपली असती. पट्टी बदलतानासुद्धा डोळे मिटतो."

सुई पहिल्याच प्रयत्नात लागली. नळी भरत असताना बाईंच्या मनात आलं, या अकरा वर्षांत जीव कासावीस झालेले किती दिवस असतील, आणि तरी याने ही तळहाताच्या फोडासारखी जपली. हे आपल्याच्याने झालं नसतं, असं त्यांना वाटलं.

"हे तुला सुचलं कसं?"

"तुम्हीच सांगितलंत की. पहिल्या दिवशी. एक शीर डॉक्टरांसाठी ठेव म्हणून."

बाईंना आठवेना. नव्याने येणाऱ्या प्रत्येकालाच त्या हे सांगत. दर वेळी नवी सुई, जागा बदलून, मानेला हात लावायचा नाही, एक शीर डॉक्टरांसाठी. सगळं तोंडपाठ, बऱ्याचदा वर न बघता.

"वर ओरडलात," तो म्हणाला. "एका कानाने ऐकतोस आणि दुसऱ्याने सोडून देतोस म्हणून."

बाहेर गाडी थांबली. बाईंनी नळी खोक्यात ठेवून दिली. रंगारी जुनी पट्टी चाचपडू लागला, तेव्हा त्यांनी कपाटातून नवी काढली आणि त्याच्यासमोर स्टूल ओढून बसल्या.

"डोळे मिट," त्या म्हणाल्या.