चौथी पास

तारवाल्याने पुढे केलेल्या कागदावर रुपरावने सही केली. सही तेवढी त्याला येत होती.

"वाचून देऊ का, काका?" तारवाल्याने विचारले. सायकलचे हँडल धरून तो खाली बघत होता.

"काहून? मले येते वाचता."

मागे दारात बायको, मनकर्णा, उभी होती. लग्न जुळवताना नवरदेव चौथी पास आहे असे तिच्या बापाला सांगितले होते, आणि ते बावीस वर्षे टिकले होते. फौजेतून रविंद्रचे, मुलाचे, पत्र आले की रुपराव ते गिरणीत न्यायचा, हजेरी कारकुनाकडून दोनदा वाचून घ्यायचा, आणि संध्याकाळी चष्मा लावून मनकर्णाला म्हणून दाखवायचा. पण आज रविवार होता, गिरणी बंद. लढाई थांबून तीन दिवस झाले होते.

त्याने तार उलगडली. याआधी घरात एकच तार आली होती, रविंद्र सुटीवर निघाल्याची. तीही अशीच दिसत होती.

"काय लिवलं?"

"येऊन राहिला," रुपराव म्हणाला. "लढाई सरली नं. सुटी भेटली त्याले."

जरीपटका वस्तीतल्या त्या गल्लीत बातमी दुपारपर्यंत सगळीकडे झाली. मनकर्णाने भिंतीला चुना दिला, सांबारवड्या करायला घेतल्या. शेजारची कांताबाई दारातून म्हणाली, "अवं, नुसत्या वड्याच चारतं का त्याले? पोरगी पायून ठेव. यंदा सोडू नको." मनकर्णा तोंडाला पदर लावून हसली. रुपरावही हसला.

सोमवारी हजेरी कारकुनाने तार वाचली आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. रुपराव घरी परतला तेव्हा वड्या फडक्याखाली झाकलेल्या होत्या.

त्या तारेवरून मनकर्णाने त्याला कधी एका शब्दानेही दोष दिला नाही. फक्त पुढे टपाल आले की ती स्वतः घ्यायची आणि शाळेतल्या बाईंकडून वाचवून आणायची. ती परत येईपर्यंत रुपराव ओट्यावर बसून राहायचा.

पाच वर्षांनी पलटणीचे पत्र आले. लढाई झाली त्या जागी दगड उभा केला आहे, पडलेल्यांची नावे त्यावर कोरली आहेत, डिसेंबरात घरच्यांनी यावे. मनकर्णा तेव्हा दवाखान्यात खाटेवर होती.

"तुमी जा," ती म्हणाली. "त्याच्या नावावर हात ठेवून या." मग भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "अवो, तिथं लाजू नका. कोणालेबी विचारजा."

दिवाळीच्या आधीच ती गेली.

गाडीत नरखेडकडची भीमाबाई भेटली. तिचा मुलगा नत्थूही त्याच पलटणीतला. रुपरावच्या कोटाच्या खिशाला पेन होते. बाहेर जाताना तो ते लावायचाच. "आपल्याकडचा शिकला-सवरला मानूस सोबतीले भेटला, बरं झालं बाई," असे ती सगळ्या डब्याला सांगत होती.

दगड गव्हाच्या शेताच्या कडेला होता. दीड पुरुष उंच, काळा ग्रॅनाइट, इतका घासलेला की जवळ गेल्यावर रुपरावला त्यात आपला चेहरा दिसला, खिशातल्या पेनासकट. चेहऱ्यावरून नावांच्या ओळी गेल्या होत्या.

एक जवान पुढे आला. "बाबाजी, नाम दिखा दूँ?"

भीमाबाई शेजारीच उभी होती.

"पढ़ लूँगा," रुपराव म्हणाला.

जवान दुसऱ्यांकडे गेला. भीमाबाईने रुपरावची बाही धरली.

"भाऊ, माह्या नत्थूचं दाखवा नं. त्या शिपायाची बोली मले समजत नाही."

रुपरावने वर पाहिले, खाली पाहिले. एक ओळ दुसरीसारखीच होती. मग त्याने हात उचलला आणि मधल्या एका ओळीवर बोट टेकले.

भीमाबाईने पदराने ती ओळ पुसली. अक्षरांच्या खाचांत बोटे घालून ती बराच वेळ उभी राहिली. "नत्थ्या," ती दगडाला म्हणाली, "यंदा संत्र्याचा आंबिया बहार चांगला आला रे. झाडं वाकली." मग डोळे पुसून तिने विचारले, "अन् तुमचं कोठी हाय?"

"वर हाय," रुपराव म्हणाला. "हात पुरत नाही."

परतताना नरखेडला ती उतरली. घ्यायला आलेल्या दिराच्या पिशवीतली संत्री तिने खिडकीतून त्याच्या मांडीवर टाकली.

"तुमी नसते त मी अशीच वापस आली असती. पोराच्या डोक्यावरून हात फिरवल्यावानी झालं, भाऊ."

"भीमाबाई..."

"बोला नं."

रुपरावने हातातल्या संत्र्याकडे पाहिले. "एवढी कायले?"

"खा गा. नत्थूच्या हातच्या झाडाची हाय."

गाडी हलली. घरी आल्यावर त्याने ती संत्री मनकर्णाच्या फोटोपुढे ठेवली आणि फोटोकडे न बघता कोट काढला.

याला आता चार वर्षे झाली. रुपराव नरखेडला गेलेला नाही. त्या मधल्या ओळीत कोणाचे नाव होते आणि रविंद्रचे कोणत्या ओळीत आहे, हे त्याने अजून कोणाला विचारलेले नाही.