उजव्या हातातल्या बांगड्या

१९६८ साली माझी तीन पाने गेली. पाने जातातच, त्याचे काही नाही. पण माझी पाने खोटे बोलायला गेली, आणि त्याची लाज मला अजून वाटते.

मित्रांनो, मी एक जुनी वही आहे. जुन्नरच्या कागद्यांनी चिंध्या आणि दोरखंड कुटून मला घडवले. माझा पहिला मालक वैद्य होता. बारा पानांवर काढ्यांच्या कृती लिहून तो वारला आणि पुढची दीडशे वर्षे मी कोरीच राहिले. कागद खाणारी एक कसर तेवढी कोपऱ्याजवळून आरपार गेली, मोहरीएवढे भोक पाडून. मला माझ्या कोरेपणाचा अभिमान होता. निदान आपल्या अंगावर काही वावगे नाही, असे वाटे.

घाटकोपरला चंद्रप्रकाशचे तसबिरींच्या चौकटी करण्याचे दुकान होते. त्याने मला रद्दीतून उचलले, माझा वास घेतला, एक पान उजेडात धरले आणि तो हसला. आपण कुणाला हव्याशा वाटलो की म्हातारीलाही बरे वाटते. मी हुरळले.

त्याने मला अंधेरीला भाऊंकडे आणले. भाऊ शाळेत चित्रकला शिकवीत. दरवर्षी प्रदर्शनाला चित्र पाठवीत आणि दरवर्षी ते परत येई. त्यांच्या पत्नी पद्मजाबाई ते मुकाट्याने कपाटामागे, भिंतीकडे तोंड करून ठेवीत. दीडशे वर्षांपूर्वी या किनाऱ्यावर राहून गेलेल्या एका गोऱ्या चित्रकाराने काढलेले एक चित्र चंद्रप्रकाशकडे होते. तसेच आणखी काढून द्या, असे त्याचे म्हणणे. भाऊंनी आधी नकार दिला. तेव्हा तो म्हणाला, "तुमच्या नावाचं चित्र परत येतं, भाऊ. त्याच्या नावाचं येणार नाही. एकदा बघा तर खरं, लोक तुमच्या हाताला काय म्हणतात ते."

भाऊ त्या एका वाक्याला भुलले. आणि मी त्यांना साथ दिली.

शाई पसरू न देणारी माझ्यातली खळ वयाने मेली होती, त्यामुळे शाई फुटायची. भाऊंनी पद्मजाबाईंकडून तांदळाची पातळ पेज मागून घेतली, ती माझ्यावर पसरली आणि पान वाळल्यावर कवडीने घोटले. हिरडा आणि हिराकस यांची शाई करून तिच्यात पाणी घातले, म्हणजे ती विटलेली दिसे. होडीचे एक आणि जाळे विणणाऱ्या म्हाताऱ्याचे एक, अशी दोन पाने झटकन झाली. पण भाऊंचे समाधान होईना. तो साहेब डावखुरा होता. त्याच्या छायेच्या रेघा डावीकडे झुकत, भाऊंच्या उजवीकडे.

तिसऱ्या पानासाठी त्यांना युक्ती सुचली. खारदांड्याची कृष्णाबाई आठवड्यातून दोनदा दाराशी पाटी उतरवायची. ती पद्मजाबाईंना मासळी साफ करून देत असताना भाऊंनी तिला पातळ कागदावर काढले. हनुवटीवरचे गोंदण, फाटलेली कानाची पाळी, कोपरापर्यंतच्या बांगड्या. मग तो कागद उलटा करून खिडकीच्या काचेवर लावला आणि माझ्या पानावर गिरवला. सगळ्या रेघा डावीकडे झुकल्या. हुबेहूब साहेबाचा हात.

ते चित्र साहेबाचे समजून मुलुंडच्या नंदकिशोर शेठनी चंद्रप्रकाशकडून घेतले. शाळेतल्या मुलांना बघता यावे म्हणून ते एका संग्रहालयाला देणार होते. पेपरात फोटो आला, 'दीडशे वर्षांपूर्वीची कोळीण'. भाऊंनी तो चार वेळा पाहिला. पद्मजाबाईंना दाखवला नाही.

आठच दिवसांत कृष्णाबाई आली. पापलेट बांधायला घेतलेल्या रद्दीत तिला तो फोटो सापडला होता. तिने तो भाऊंपुढे धरला.

"भाऊ, मी दीडशे वर्सांची कवा झाले?"

भाऊ हसले. म्हणाले, ती जुन्या काळची कुणी असेल, साऱ्या कोळणी सारख्याच दिसतात.

"कान बी सारखाच फाटतो काय सगल्यांचा?" मग तिचा आवाज खाली आला. "त्याचा राग नाय रं. बांगड्या बघ. उजव्या हातातल्या बांगड्या आमी लग्नात दर्याला देतो, घरधन्याला संबाल म्हनून. तू त्या परत घेतल्यास. डावा हात भुंडा केलास. माजा धनी, भिकाजी, दर्यावर हाय, भाऊ."

भाऊंनी काचेवर कागद उलटा लावला तेव्हा रेघांबरोबर बांगड्याही उलटल्या होत्या. इतकी वर्षे तिच्याकडून मासळी घेऊन त्यांना हे ठाऊक नव्हते. किनाऱ्यावर राहिलेल्या साहेबाला ठाऊक असते.

पद्मजाबाई दारातच उभ्या होत्या. "पेज यासाठी नेत होतात?" एवढेच त्यांनी विचारले.

दुसऱ्या दिवशी भाऊंनी मला पिशवीत घातले आणि मुलुंड गाठून खरे काय ते सांगितले. नंदकिशोर शेठनी ते पान माझ्या शिवणीतल्या कापल्या कडेला लावून पाहिले. कसरीचे भोक भोकावर बसले. शेठनी भोकावरून बोट फिरवले. मग म्हणाले, "कागद तरी खरा आहे ना?"

"कागद खरा आहे," भाऊ म्हणाले. "म्हणूनच तुम्ही फसलात."

मित्रांनो, ते वाक्य मला कसरीपेक्षा खोल गेले.

चार दिवसांनी भिकाजीची होडी सुखरूप परतली. कृष्णाबाई मात्र शिमगा होईपर्यंत त्या दाराशी आली नाही. आली तेव्हा भाऊंनी तिला साध्या कागदावरचे नवे चित्र दिले, बांगड्या डाव्या हातात आणि खाली स्वतःची सही. तिने ते चुलीजवळ लावले. धुराने आता ते जुने दिसते, असे ती पद्मजाबाईंना सांगे. ते जुनेपण त्याचे स्वतःचे आहे. भाऊंनी मुख्याध्यापकांना सगळे सांगून शाळा सोडली. पुढे ते अंधेरीत दुकानांच्या पाट्या रंगवीत आणि प्रत्येक पाटीच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात आपले नाव घालीत. पद्मजाबाईंनी कपाटामागची चित्रे काढून भिंतीवर लावली. शेठनी माझे पान परत केले. ते माझ्यातच आहे, सुटे. चंद्रप्रकाश दुकान बंद करून गेला. कुठे, ते कळले नाही. होडीचे आणि म्हाताऱ्याचे पान त्याच्याबरोबर गेले.

ती दोन पाने अजून कुठेतरी काचेमागे साहेबाच्या नावाने टांगलेली असतील, आणि तुमच्यासारखी मुले त्यांच्यापुढे हात मागे बांधून उभी राहत असतील. मित्रांनो, कागद जुना आहे म्हणून त्यावरच्या रेघेवर विश्वास ठेवू नका. आणि कोपऱ्याजवळ मोहरीएवढे भोक दिसले, तर तिथल्या मोठ्या माणसांना सांगा की हे भाऊंचे आहे. हात त्यांचा चांगला होता. त्यांचे नाव तेवढे त्यांना परत द्या.